फळीच्या आतलं नाव

पाराचो,
४ मार्च

प्रिय नाबोरदादा,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल आणि शिकागोतली थंडी आता उतरणीला लागली असेल असं धरून लिहितो आहे. इथे बाबा ठीक आहेत. गुडघा सोडला तर ओदिलिया आत्याही ठीक आहे. तुझा पत्ता तिनेच दिला. म्हणाली, "फोन उचलत नाही तो, पण पत्र फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावंच लागेल." हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढतोय, कारण पहिल्या दोन प्रतींत खाडाखोड फार झाली. शाळा मी नववीत सोडली हे खरं, पण सहा वर्षांनी तुझ्या हातात पडणारं पत्र तरी नीट असावं.

कामासाठी लिहितोय. तसं नुसतं कामासाठी नाही, पण काम आहे.

माळ्यावरचं लाकूड संपत आलंय. गिटारीच्या वरच्या फळीला लागणाऱ्या देवदाराच्या फक्त चौदा जोड्या उरल्या आहेत. नवा देवदार यंदा आणून सुकायला ठेवला नाही, तर चार वर्षांनी हात बांधून बसावं लागेल. म्हणून जानेवारीत मी उरुआपानला बँकेत गेलो. त्यांचा माणूस शेड बघायला आला. भला माणूस होता. टेप घेऊन सगळं मोजलं त्याने: पत्रे, पट्टीची करवत, तीन बाकं, शिकंजे, सरसाची भांडीसुद्धा. बेरीज झाली एक लाख दहा हजार पेसो, आणि त्याच्या निम्मं कर्ज. तेवढ्यात लाकूड येत नाही, म्हणून घेतलं नाही.

मी विचारलं, "आणि नाव?"

"कसलं नाव?"

"एकिवा. आमच्या घराचं. अकरा माणसं आमच्या गिटारीसाठी थांबली आहेत. दोघं तर स्पेनची."

तो हसला. वाईट हसला नाही. "पोरा, तू हप्ते बुडवलेस तर करवत मी गाडीत घालून नेईन. नाव कुठल्या बाजूने उचलू? त्याला कडी कुठे असते?"

तीन आठवड्यांनी मिनेसोटातल्या लेकमोर नावाच्या गिटार कंपनीची बाई आली. हॉली ब्रँट. कंपन्यांची किंमत काढणं हेच तिचं काम. आपली भाषा चांगली बोलते, फक्त घाईत असली की सगळ्यांना 'तू' म्हणते, बाबांनासुद्धा. शेडकडे तिने पाहिलंच नाही. करवतीवर कोंबडी बसली होती, तिच्याकडेही नाही. फळी ठोकून कोण बघतं, ते कुठे लिहून ठेवलंय का, एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं का, हेच प्रश्न. दोन दिवस विचारत होती.

मी तिला बँकेचा आकडा सांगितला. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे उलट असतं. मी ज्या कंपन्या बघते त्यांत इमारत आणि यंत्रं मिळून थोडकंच निघतं. बाकी सगळं हात न लावता येणारं. नाव, कसब, लोकांचा विश्वास. आमच्याकडे कोणी तुमचं नाव चोरलं तर कोर्ट परत मिळवून देतं, म्हणून नाव विकता येतं, गहाणही ठेवता येतं. तुमच्या बँकेला ती खात्री नाही. म्हणून ती हात लावून बघते. मूर्ख कोणीच नाही, सेल्सो. दोघं दोन गावच्या तराजूंनी मोजतायत."

तिच्या तराजूत आपण ऐंशी हजार डॉलर भरलो, बँकेच्या आकड्याच्या दहापटीहून जास्त.

हे पैसे तीन गोष्टींचे. नाव, गिटारीचे आपले साचे आणि माझी वही. वहीबद्दल तुला माहीत नसेल. तू गेल्यापासून मी प्रत्येक फळीची जाडी बावीस ठिकाणी मोजतो, वजन लिहितो, हवेतली ओल लिहितो, ठोकल्यावर कुठला सूर निघाला ते लिहितो. एकशे अठरा फळ्या झाल्या. तुझ्यासारखा कान मला नाही, म्हणून मी मोजतो.

नाव गेल्यावर ते त्यांच्या समुद्रापलीकडच्या कारखान्यात केलेल्या गिटारींवर लागेल. शेड आपलीच राहील, फक्त आपल्या गिटारींवर एकिवा लिहिता येणार नाही. मी खूप विचार केला आहे आणि माझी खात्री आहे की हेच शहाणपणाचं आहे. तुला सांगायला हवं, बाबांचे हात थरथरतात. दोन वर्षांत त्यांनी एकही गिटार केलेली नाही. कान शाबूत आहे. खुर्चीत बसून माझ्या चुका ऐकतात.

नाव सरकारदरबारी तिघांच्या नावावर आहे, बाबा, तू आणि मी. म्हणून सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. जिथे फुली केली आहे तिथे.

आणखी एक किरकोळ कागद आहे, त्यावर तुझी सही लागत नाही. जत्रेतल्या स्पर्धेत पहिली आलेली आणि आता रोसाउरा इबार्ग्वेन बाई जिच्यावर मैफली करतात ती गिटार बाबांनी स्वतःच्या हाताने केली, असं लेकमोरला लिहून हवंय. त्या गिटारीमुळेच त्यांना आपलं नाव कळलं. तेव्हा मी शेडमध्ये होतो, म्हणून साक्षीदार म्हणून माझी सही. ती अजून करायची आहे. घाई नाही.

योगायोग बघ, तीच गिटार सध्या इथे दुरुस्तीला आली आहे. विमानतळावर पडली, फळीला भेग गेली. पाठ काढून आतून ठिगळ लावावं लागेल. अजून काढली नाही. बाकीची कामं फार आहेत.

काळजी घे. आत्याने तुझ्यासाठी लोकरी टोपी विणली आहे, ती वेगळी पाठवेन.

तुझा,
सेल्सो

*

शिकागो,
२९ मार्च

सेल्सो,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखं.

मी बरा आहे. लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवतो. सगळं प्लायवूड. ठोकलं तर पुठ्ठ्यासारखं वाजतं, पण लोकांना त्यात बशाच ठेवायच्या असतात.

सही हवी तर देईन. ते नाव मी सहा वर्षांत कुठे वापरलेलं नाही. पण त्याआधी एक गोष्ट. जत्रेत एकिवा असं पुकारलं आणि बाबा बक्षीस घ्यायला वर चढले. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. वाटलं, घरी गेल्यावर म्हणतील काहीतरी. घरी गेल्यावर त्यांनी बक्षीस कपाटावर ठेवलं आणि जेवायला वाढायला सांगितलं. तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर मी म्हणालो की ती गिटार मी केली आहे. बाबा गप्प. मी तुला विचारलं, सेल्सो, पाठ चिकटवून गिटार कोणी बंद केली, सांग. पंधरा वर्षांचा होतास, लहान नव्हतास. तू म्हणालास, "बाबांनी. मी पाहिलं."

त्याच आठवड्यात मी निघालो.

आता लिहून सांग. मी तिची पाठ चिकटवत होतो त्या दुपारी तू सरसाच्या भांड्यापाशी उभा होतास की नव्हतास? उत्तर आलं की सही पाठवतो. उत्तर कुठलंही असो.

किरकोळ कागद म्हणे.

नाबोर

ता. क. तू अजून फळी दोन बोटांनी ठोकतोस का? एका बोटाने ठोक. आणि फळी चिमटीत धर, मुठीत नको.

*

पाराचो,
११ मे

प्रिय नाबोरदादा,

तुझं पत्र एप्रिलच्या आठ तारखेला मिळालं. उत्तराला महिना लागला, त्याची माफी आधी मागतो, बाकीची पुढे. इथे सगळे बरे आहेत. आत्याचा गुडघाही बरा आहे, पण ती ते कबूल करत नाही. तू विचारलेलं एका शब्दात लिहिता आलं असतं. पण या महिन्यात बरंच घडलं आहे आणि ते क्रमाने सांगितल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. तू मला ओळखतोस. शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी रोसाउराबाईंच्या गिटारीची पाठ काढायला घेतली. बाबा झोपले होते. पाती गरम करून सांध्यात हळूहळू फिरवत गेलो. तू सरस इतका पातळ लावला होतास की पातं घालायला जागा सापडेना. दीड तास लागला. पाठ निघाली, आणि फळीच्या आतल्या अंगाला, आडव्या पट्टीच्या मागे, जिथे भोकातून आरसा घातला तरी दिसत नाही, तिथे पेन्सिलने लिहिलेलं होतं.

नाबोर एकिवा. १९ एप्रिल.

ते तिथे असणार हे मला माहीत होतं. महिनाभर गिटार बाकावर पडून होती ती त्याचसाठी.

मी काचकागद हातात घेतला. हे तुला सांगायलाच हवं. बारीक, चारशे नंबरचा. पेन्सिल देवदारावर किती उथळ बसते ते तुला ठाऊक आहे, चार हात मारले की संपलं असतं. मग किरकोळ कागदावर सही, मग ऐंशी हजार डॉलर. हात मी खरंच फळीपर्यंत नेला होता. पण तुझ्या 'न'च्या शेजारी माझं बोट टेकलं आणि मला तो काचकागद एवढा जड झाला की मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. चहा केला. प्यायलो नाही.

मग जे मी करतो तेच केलं. मोजलं. फळी आतून उघडी होती, असं पुन्हा व्हायचं नव्हतं. बावीस ठिकाणी मोजली. दादा, माझ्या वहीप्रमाणे ती फळी चुकीची आहे. खालच्या तारांच्या बाजूला ती दुसऱ्या बाजूपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर पातळ आहे. माझ्या हातून असं झालं असतं तर मी ती चुलीत घातली असती. मी ती चिमटीत धरली, मुठीत नाही, आणि एका बोटाने ठोकली. आवाज शेडभर फिरून आला. भेग असूनसुद्धा. मी ते बावीस आकडे लिहिले, पण ते तसे का आहेत ते लिहायला वहीत रकाना नाही.

ब्रँटबाई अठरा तारखेला येणार होत्या. मी गिटार तशीच उघडी ठेवली.

त्या आल्या तेव्हा बाबा आपल्या खुर्चीत होते आणि आत्या त्यांच्यासाठी मक्याची पेज घेऊन आली होती. बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि बाकाशी येताच त्यांचं लक्ष फळीवर गेलं.

"हे काय लिहिलंय?"

मी रीत सांगितली. तुला माहीत आहे ती, पण त्यांना सांगितली तशीच लिहितो, कारण सांगताना मलाच ती नव्याने ऐकू आली. आमच्या आजोबांपासून असं आहे की लेबल घराचं असतं, कोणीही गिटार करो. पण जो फळी ठोकून पास करतो आणि पेटी बंद करतो, तो पाठ चिकटवायच्या आधी आत स्वतःचं नाव आणि तारीख लिहितो. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुढे कधी गिटार दुरुस्तीला उघडलीच तर उघडणाऱ्याला कळावं, एवढ्यासाठी.

"मग हा नाबोर कोण?"

मी बोलणारच होतो. खरंच बोलणार होतो, पण त्याआधी खुर्चीतून आवाज आला.

"माझा थोरला." बाबा बाईंकडे नाही, फळीकडे बघत होते. "गिटार त्याची. त्या दिवशी एकिवा म्हणून पुकारलं, लोकांनी मला ढकलून वर चढवलं. वर गेल्यावर हातात बक्षीस दिलं. मग खाली कसं उतरायचं ते मला सुचलं नाही."

आत्याने पेला खाली ठेवला.

"तीन पायऱ्या होत्या रे फिदेन्सिओ," ती म्हणाली. "तीन पायऱ्या उतरायला तुला सहा वर्षं लागली! आणि गुडघा म्हणे माझा दुखतो."

बाबा हसले. मग त्यांचे डोळे भरले, पण आधी हसले, ते मी नीट पाहिलं.

ब्रँटबाई कागद हातात धरून उभ्या होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं. म्हणाल्या, "सेल्सो, मला हे अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

"आकडा खाली येईल. आम्ही नुसती अक्षरं विकत घेत नाही, त्यामागची हकिगत विकत घेतो. एक म्हातारा कारागीर, बक्षीस, मोठी वादक. आता हकिगत अशी की ज्याने केली तो शिकागोत असतो."

"कपाटं बसवतो," आत्या म्हणाली. "प्लायवूडची." तुझं पत्र तिने माझ्याआधी वाचलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"किती खाली?" मी विचारलं.

"अर्ध्याच्याही खाली. वही मात्र त्यांना तरीही हवी असेल."

मी म्हणालो, "वही न्यायची तर न्या. तिच्यात ही फळी चुकीची ठरते."

त्यांनी वही उघडली, शेवटच्या पानावरचे बावीस आकडे पाहिले, मग स्वतः फळी हातात घेऊन एका बोटाने ठोकली. कान काही त्यांना नाही, पण चेहरा बदलला. वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "माझ्या यादीत याला 'कसब' म्हणतात आणि मी समोर आकडा घालते. आज मला तो घालता येत नाहीये." किरकोळ कागद त्यांनी स्वतःच घडी करून पिशवीत परत ठेवला.

त्या गेल्यावर मी घाबरलो. लाकूड नाही, कर्ज नाही, कंपनी गेली. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मला वाटलं, बँकेने हात लावून मोजलं, बाईंनी हात न लावता मोजलं, पण ज्यांच्या विश्वासाचं एवढं बोलणं चाललं होतं त्यांना कोणीच विचारलेलं नाही.

थांबलेल्या अकराही गिऱ्हाइकांना मी पत्रं लिहिली आणि वेळ जाऊ नये म्हणून फोनवरून त्यांचे फोटो पाठवले. प्रत्येकाला स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. लिहिलं की बाबांचे हात दोन वर्षं चालत नाहीत. तुम्ही ज्या गिटारीसाठी थांबला आहात ती मी करणार, सेल्सो, वय एकवीस, ही माझी बावीस आकड्यांची पद्धत. बक्षिसाची गिटार माझ्या मोठ्या भावाने केली होती आणि हे आम्ही सहा वर्षं लपवलं. हे सगळं समजूनही तुम्हाला गिटार हवी असेल तर निम्मे पैसे आत्ता पाठवा, कारण लाकूड घ्यायचंय. नको असेल तर तुमचा राग रास्त आहे.

नऊ जणांनी पैसे पाठवले. एकाने नाही म्हटलं, त्याने फार कडक शब्द वापरले, ते मी जपून ठेवलेत. एकाचं उत्तर यायचं आहे. स्पेनच्या एका म्हाताऱ्याने लिहिलंय की माझं वय झालंय, निम्मे कशाला, पूर्णच घे, म्हणजे तू लवकर करशील. देवदार कालच आला. बेचाळीस जोड्या. मी एकेक मोजून माळ्यावर लावल्या आहेत, मध्ये हवेला जागा ठेवून.

रोसाउराबाई गिटार न्यायला स्वतः आल्या. त्यांना तोंडावर सांगायचं होतं म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षं प्रत्येक मैफलीनंतर मी भलत्याच माणसाचे आभार मानतेय?" बाबांकडे वळल्या. "आणि तुम्ही घेत होता!"

"सवय लागली होती, बाई," बाबा म्हणाले.

त्या मोठ्याने हसल्या. मग मला म्हणाल्या, "त्या भावाला विचार, दुसरी कधी करतोस. तुझ्या यादीत माझं नाव बाराव्या नंबरला लिही." लिहिलं आहे.

आता उरलेलं.

तू मला विचारलंस मी कुठे होतो. अंगणात मी जे बोललो ते मी घाबरून बोललो असं गेली सहा वर्षं मी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. बाबा उभे होते, शेजारपाजारचे लोक उभे होते, आणि मला वाटलं की तुला कान आहे, तुझ्याकडे नाव नसलं तरी चालेल. बाबांकडे मात्र नावाशिवाय काही उरणार नाही. मी तुमच्या दोघांत वजन केलं आणि तू जास्त टिकाऊ निघालास. पंधराव्या वर्षी मी हे असं मोजलं. तेव्हाही मी मोजतच होतो, दादा, आणि तेव्हाही आकडे बरोबर होते आणि उत्तर चूक.

म्हणून, होय. मी तिथे होतो. सरसाच्या भांड्यापाशी, डाव्या हाताला. सरस जास्त तापला होता, तू मला विस्तव मागे ओढायला सांगितलंस. तू पाठ बसवायच्या आधी फळी एकदा ठोकलीस आणि माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. मग खिसे चाचपलेस. पेन्सिल तुझ्याकडे नव्हती. ती माझ्या कानामागे होती. मी काढून तुझ्या हातात दिली, तू नाव लिहिलंस, आणि मला परत देताना म्हणालास, "टोक चांगलं करतोस रे."

ही गोष्ट मी बाबांनाही सांगितली, आत्यासमोर, अंगणात, तू जिथे उभा होतास साधारण तिथेच उभं राहून.

गिटार मी परत बंद केली आहे. तुझं नाव तसंच आहे. रीतीप्रमाणे बंद करणाऱ्याने लिहायचं असतं, म्हणून त्याखाली मी लिहिलं: पुन्हा बंद केली, सेल्सो एकिवा, २ मे, पहिल्यांदा बंद होताना पाहिली होती.

सहीचा कागद मला नकोय. फाडलास तरी चालेल. सोबत टोपी आहे. आणि एक सपाट खोकं वेगळं येईल, ते आपटू देऊ नकोस. त्यात माळ्यावरच्या जुन्या, सुकलेल्या देवदारातली फळी आहे, तुझी ती धरली नाही तर एकशे एकोणिसावी. मी ती २.८ मिलिमीटरवर आणून थांबलो आहे. पुढचं मला ठरवता येत नाही असं नाही, माझी पद्धत आता चांगली आहे आणि मला तिचा भरवसा आहे. पण ही तुझी. तुझ्या कपाटांच्या बाकावर रंधा असेलच. कुठे किती काढायचं ते तुझं तू बघ, मोजू नकोस. झाली की पाठव, किंवा घेऊन ये. बाबा विचारतात, पाठवेल की आणेल. मी त्यांना सांगितलं, तुम्हीच विचारा, आणि ते खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिणार आहेत. हात थरथरतो, म्हणून मी जागा जास्त सोडली आहे.

फळीच्या कोपऱ्याला एक पेन्सिल चिकटपट्टीने लावली आहे. टोक आजच केलंय.

त्या दुपारी तुला पेन्सिल देणारा,
तुझा धाकटा भाऊ,
सेल्सो एकिवा